वीस मिनिटं उकळायची सुई

माझं खरं नाव गोपाळराव. कुंभकोणमात ते ठाऊक असलेली माणसं दोनच, पोस्टमन आणि माझी बायको. आणि बायको ते तोंडाने घेत नाही. बाकी गावाला मी ‘ऊसी राव’. तमिळमध्ये ऊसी म्हणजे सुई, आणि इंजेक्शनलाही तोच शब्द. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर रंगराजन यांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होतो, आणि त्यातली शेवटची काही वर्षं रक्त-लघवी तपासणारा. तरी बाजारातून जाताना लोक डॉक्टरांना जेवढा नमस्कार करत तेवढाच मला करत. त्याचा मला जो गर्व होता, त्याचीच ही गोष्ट आहे.

लिहायचा लकडा पुण्याच्या भाचीने लावला. चार पानं लिहून पाठवली तर तिचा फोन आला, “मामा, हे वाचताना कुणीतरी पगडी घालून बोलतंय असं वाटतं.” आमचे पूर्वज तंजावरला मराठ्यांचं राज्य असताना इकडे आले. तेव्हा जी भाषा बरोबर आणली तीच आम्ही घरात बोलतो. उंबरा ओलांडला की तमिळ. तेव्हा माझं लिखाण तिने सरळ करून दिलं आहे. आमच्या माणसांचं बोलणं मात्र जसं होतं तसं राहू दे, असा हट्ट मी धरला.

आमचा दवाखाना मोठ्या बाजाराच्या मागल्या गल्लीत. सकाळी आठला दार उघडायचं, आणि साडेसातपासून ओट्यावर माणसं. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आमच्याकडे येणाऱ्या कुणालाही गोळ्या-औषध देऊन पाठवणं म्हणजे त्याचा अपमान. “डॉक्टर सार, ऊसी?” हा प्रश्न यायचाच. ताप असो, कंबर धरलेली असो, परीक्षेत नापास झालेला असो. लाल रंगाचं इंजेक्शन असलं तर विशेष समाधान. ते साधं जीवनसत्त्वाचं, पण लाल म्हणजे रक्त वाढवणारं असा सगळ्या गावाचा विश्वास. पांढरं दिलं तर माणूस आपल्याला कमी लेखलं असं तोंड करून जायचा.

चोळपुरमचे वैद्यनाथन मास्तर म्हणून एक होते, शाळेतले गणिताचे. एकदा शेजाऱ्याला ताप आला म्हणून बसमधून त्याला घेऊन आले. शेजाऱ्याला टोचून झालं तशी मास्तरांनी आपली बाही वर केली. मी विचारलं, “तुम्हाला काय होतंय?” म्हणाले, “काही नाही. एवढ्या लांब आलोच आहे तर एक घालून टाका.” मी घातली. लाल. ते खूश, मी खूश. त्यानंतर बाजाराला आले की ते न चुकता यायचे.

माझं काम काय होतं ते नीट सांगतो, कारण आता ते कुणी करत नाही. सिरिंज काचेच्या असत. आमच्याकडे सहा होत्या. सुया दहा-बारा. वापरून झालं की धुवायच्या, सुईच्या पोकळीत बारीक तार घालून साफ करायच्या आणि स्टीलच्या लांबट डब्यात पाण्यात घालून उकळायच्या. पाण्याला उकळी फुटल्यापासून पूर्ण वीस मिनिटं, असा नियम. सुई वापरून वापरून बोथट होते, टोकाला आकडा येतो. मग ती छोट्या दगडावर तेलाचा थेंब टाकून घासायची, आणि टोक कापसातून फिरवून पाहायचं. कापसाचा तंतू अडकला तर अजून घासायची. हे मी सुरेख करत असे. घासताना बोटात टोचून रक्त यायचं, ते तोंडात घालून चोखायचं आणि पुढच्या सुईला लागायचं. माझ्या हाताची ऊसी दुखत नाही असा लौकिक होता. ‘कैरासि’ म्हणत, हाताला यश आहे म्हणून.

आता हिशेब करा. सकाळभरात साठ-सत्तर माणसं, सिरिंज सहा, आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटं. संध्याकाळ झाली असती. शिवाय वीज जायची, मग स्टोव्हवर. तेव्हा मी नियमात थोडी सुधारणा केली. बुडबुडे आले की पुरे. फार गर्दी असली तर सुई बदलायची आणि सिरिंज तीच. सुई बदलणं हीसुद्धा मला माझी शिस्त वाटे, कारण दुसरे कित्येक तेही करत नव्हते. डॉक्टर आतल्या खोलीत. त्यांना हे दिसत होतं का? दिसत होतं आणि नव्हतं. बाहेरची रांग भराभर पुढे सरकते आहे एवढं त्यांना दिसत होतं.

कावीळ आमच्या भागात नेहमीची. डोळे पिवळे झाले की लोक आधी कीळानेल्ली, म्हणजे आपली भुईआवळी, वाटून ताकातून घेत. बहुतेकांचं आपोआप बरं व्हायचं आणि श्रेय भुईआवळीला जायचं. ज्यांचं होत नसे ते आमच्याकडे येत. त्या काळी डॉक्टरांच्या पुस्तकात काविळीच्या विषाणूंची नावं दोनच, ए आणि बी. काही रोग्यांत दोन्ही सापडत नसत. डॉक्टर कागदावर लिहीत, ‘ए नाही, बी नाही’. मला त्याची फार गंमत वाटे. दोन्ही शाळांतून नाव काढलेल्या मुलासारखा हा आजार. काहींना तर कावीळ दिसायचीच नाही. नुसता थकवा, जेवण नको, आणि वर्षानुवर्षांनी पोटात पाणी.

पुढे नव्वद उलटल्यावर डॉक्टर मद्रासच्या एका सभेला जाऊन आले आणि म्हणाले, “राव, त्या नाही-नाहीवाल्याला नाव मिळालं. सी.” रक्तातून पसरतो, यकृतात वीस-वीस वर्षं गुपचूप बसून राहतो, आणि माणसाला कळतं तेव्हा यकृत दगडासारखं झालेलं असतं. त्याच सुमारास दवाखान्यात प्लास्टिकच्या सिरिंज आल्या. एकदा वापरून फेकायच्या. मी खूप भांडलो. “जेवून टाकून द्यायला त्या काय केळीची पानं आहेत?” असं मी डॉक्टरांना विचारल्याचं मला स्पष्ट आठवतं. आठवू नये अशी फार इच्छा आहे.

सुया घासायचं काम गेलं. डॉक्टरांनी मला तंजावरला सहा महिने शिकायला पाठवलं आणि मागच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा काढून दिली. पांढरा कोट शिवला. कोटाच्या खिशाला दोन पेनं लावली. लिहायला पेन्सिल वापरत असे.

एक दिवस एका कंपनीचा विक्रेता सी काविळीच्या तपासणीच्या पट्ट्या घेऊन आला. पोट सुटलेला, भला गृहस्थ. पट्टीवर रक्तातल्या पाण्याचा थेंब टाकायचा. एक रेघ उमटली तर काही नाही, दोन उमटल्या तर माणसाच्या रक्ताला सी काविळीची ओळख झालेली आहे. डॉक्टर म्हणाले, “आधी अगदी निरोगी माणसाचं रक्त घेऊन पट्टी बरोबर चालते का पाहू.” मी बाही वर केली. पण सुई पाहताच तोंड भिंतीकडे वळवलं. गावाला माहीत नसलेली गोष्ट ही की ऊसी रावला ऊसीची भीती वाटते. रक्त डॉक्टरांनीच काढलं, आणि मी डोळे मिटून गोविंदाचं नाव घेतलं.

दोन रेघा.

मी हसलो. दुसरी पट्टी घेतली. दोन. विक्रेत्याचं रक्त घेतलं, एक. डॉक्टरांचं, एक. मी विक्रेत्याला म्हणालो, “तुमच्या पट्ट्या उन्हात पडल्या होत्या.” तो म्हणाला, “सार, मग माझी पण बिघडायला हवी होती.” मी म्हणालो, “बिघडलेल्या वस्तूचा काय भरवसा!” त्या दुपारी मी कंपनीला इंग्रजीत कडक पत्र लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं की आपली पट्टी सदोष आहे, कारण मी निरोगी आहे. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या पत्राबद्दल आभार. संबंधित व्यक्तीने कृपया डॉक्टरांना भेटावं.

तोवर डॉक्टरांनी माझं रक्त मद्रासला मोठ्या तपासणीसाठी पाठवलेलं होतं. त्यात जिवंत विषाणू सापडला.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि मला समोर बसवलं. कधी रक्त चढवलं होतं? नाही. ऑपरेशन? नाही. इंजेक्शनं? मी म्हणालो, “सार, मी सुईला भितो हे तुम्हाला माहीतच आहे.” मग त्यांनी माझा हात टेबलावर ओढून घेतला आणि बोटं पाहिली. सुया घासून घासून टोचलेल्या खुणा अंगठ्यावर आणि तर्जनीवर अजून होत्या. मग म्हणाले, “राव, सुईवरून तुमच्यात आलं. म्हणजे सुईवर होतं. मग ती सुई पुढे कुणाला टोचली?”

मला आधी त्यांचा राग आला. मी रोगी, आणि हे भलत्याच माणसांची चौकशी करतायत! दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत राग टिकला. मग समोर पानवाल्याची बायको दिसली. तिला मी कितीतरी वर्षं टोचत होतो. ती हसून म्हणाली, “काय राव, जेवण झालं?” मी दुसऱ्या बाजूने निघून गेलो.

घरी कमलेला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती पहिलं म्हणाली, “मज?” तिचं रक्त तपासलं, एक रेघ. ताट-वाटीतून हे पसरत नाही असं मी तिला समजावलं. तिने मान डोलावली आणि माझा पेला वेगळा ठेवला. आठ दिवसांनी कुठला पेला कुणाचा ते विसरली.

डॉक्टरांनी ठरवलं की ज्यांना वर्षानुवर्षं इंजेक्शनं दिली त्यांना बोलवायचं आणि रक्त तपासायचं. ते स्वतः काहींच्या घरी गेले. हे सोपं नव्हतं. गावात दवाखान्याचं नाव जायची वेळ होती. मला म्हणाले, “तुमच्या मराठी माणसांकडे तुम्ही जा.” त्यातलं पहिलं नाव तुळसाक्काचं.

तुळसाक्का शिंपीण. आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथली, घरात मराठी, दारात विठ्ठलाची तसबीर. नवरा फार पूर्वी गेला होता, मुलगी लग्न होऊन सेलमला. ही एकटी मशीनवर ब्लाउज शिवायची. दर एकादशीला गोविंदपुरमला भजनाला जायची, आणि आवाज असा की मृदंगवाला मान वर करून पाहायचा. तिचे हातपाय ओढत म्हणून पाच-सहा वर्षं दर आठवड्याला मी तिला लाल ऊसी देत होतो. पाय मशीन चालवून ओढत होते, हे तिला आणि मला दोघांनाही कळायला हवं होतं.

मी तिच्या घरी गेलो. जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कमलेचं ब्लाउजचं कापड घेतलं. तिने माप विचारलं, मी सांगितलं, रंगाबद्दल बोललो, आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात दुसरं कापड. तेव्हा धाग्याबद्दल बोललो. तिसऱ्या खेपेला तिने कापड हातात घेतलंच नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“काय हो राव, तुमचे घरीं लग्न आहे काय? मासाभरांत तिसरा ब्लाउज.”

“नाहीं, सहज.”

“लटिकें बोलूं नका. पहिल्या दिवसापासून पाहतें. तोंड उघडतां आणि मिटतां. काय तें सांगा.”

मी सांगितलं. उभ्यानेच, तमिळ-मराठी मिसळून, मध्येच इंग्रजी शब्द घालून, म्हणजे ते जरा मोठं शास्त्रीय वाटेल आणि दोष माझ्या अंगाला चिकटणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

“वीस मिनिटें उकळायाचें म्हणतां. तुम्हीं किती उकळत होतां?”

“पांच,” मी म्हणालो. मग म्हणालो, “गर्दी असली म्हणजे तितकेंही नाहीं.”

तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. रस्त्यावरून भांड्यांचा हातगाडा गेला. मग म्हणाली, “आज जा. उद्यां येतें रक्त देण्यास.” आणि मी दारात पोचल्यावर, “तें कापड घेऊन जा.”

तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मद्रासच्या तपासणीतही तेच. तंजावरच्या मोठ्या इस्पितळात तिच्या यकृताचा तुकडा काढून पाहिला. डॉक्टर म्हणाले, रक्तावरून माझं यकृत अजून बरं दिसतं, तिचं कडक व्हायला लागलं आहे. औषध मिळालं तर अजून वेळ गेलेली नाही. तिचा आजार आमच्या सुईनेच आला हे सिद्ध करता येणार नाही, असंही ते म्हणाले. मुलीच्या जन्माच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं. ‘सिद्ध करता येणार नाही’ हे वाक्य मी महिनाभर मनात धरून ठेवलं होतं. झोप येत नसे तेव्हा उपयोगी पडायचं.

बोलावलेल्यांपैकी काही आलेच नाहीत. काही आले आणि एक रेघ पाहून, आता आलोच आहोत तर ऊसी घाला म्हणाले. वैद्यनाथन मास्तर आले ते मुलाच्या खांद्याला धरून. पोट पाण्याने भरलेलं, हात काड्या झालेले. त्यांच्या यकृतासाठी तेव्हा काहीच करता येण्यासारखं नव्हतं. मी त्यांना म्हणालो, “मास्तर, माझ्याकडून चूक झाली.” ते गणिताचे, सगळं विचारून घेतलं. किती सिरिंज, किती माणसं, किती वेळ. मग म्हणाले, “मागितली मी होती, राव. पण तुम्ही नको म्हणायला हवं होतं.” पुढच्या पोंगलच्या आत ते गेले. त्यांच्या घरी मी गेलो नाही. जायला हवं होतं.

तेव्हा ह्या आजारावर औषध एकच, इंटरफेरॉन. आठवड्यातून तीन इंजेक्शनं, वर्षभर. आमच्या आवाक्यातली ती गोष्टच नव्हती. पण डॉक्टरांचा एक वर्गमित्र मद्रासच्या इस्पितळात काही रोग्यांना ते देत होता. तो म्हणाला, तुमच्याकडच्या एका माणसाची सोय करतो. एकाचीच. डॉक्टरांनी माझं नाव दिलं.

इथे माझ्याविषयी एक कहाणी गावात पसरलेली आहे, ती दुरुस्त करतो. लोक सांगतात, रावने स्वतःचं औषध दुसऱ्याला दिलं. झालं ते असं. पहिल्या दिवशी मी ठरवलं की औषध मीच घेणार. मला बायको आहे, दोन मुलं शिकतायत, आणि इतकी वर्षं दवाखान्याची सेवा केली आहे. कारणं भराभर सुचत होती. दुसऱ्या दिवशी आठवड्यातून तीन गुणिले वर्षभर हा गुणाकार केला, आणि मला घाम फुटला. एवढ्या ऊस्या! तिसऱ्या दिवशी तुळसाक्का रक्त देण्यासाठी दवाखान्यात आली होती. पायऱ्या चढताना दोनदा थांबली. मी आत जाऊन डॉक्टरांना म्हणालो, “तिचं नाव द्या.” ह्यात निम्मा वाटा भीतीचा होता. उरलेल्या निम्म्यातला किती चांगुलपणा आणि किती लाज, ते मला वेगळं काढता येत नाही.

तिने एकच अट घातली. “सुईची पुडी मजसमोर फोडायाची. उपयोग झाला कीं सुई मजसमोर मोडायाची.”

सोमवार, बुधवार, शुक्रवार. औषध थंड ठेवावं लागे, पण गोठूही द्यायचं नाही. मी कापडात गुंडाळून, बर्फ घातलेल्या थर्मासमधून नेत असे. पहिल्या दिवशी तिला वाटलं मी कॉफी आणली. ती पुडी हातात घेऊन चहूबाजूंनी पाही, स्वतः फाडी, सुई डोळ्याजवळ धरून टोक बघे. उभा जन्म सुईवर काढलेली बाई. म्हणायची, “हं, ही कोरी.” मग दंड पुढे करायची.

इंजेक्शननंतर तीन-चार तासांनी थंडी वाजून ताप. अंग असं दुखे की उशीवर डोकं टेकवत नसे. पहिल्या महिन्यानंतर ताप कमी झाला, पण केस गळू लागले, आणि मग स्वभाव फिरला. हे औषधच तसं, मन खचवतं. डॉक्टरांनी आधी बजावलं होतं. ती शिवताना रडायची. मला नाही नाही ते बोलायची. मी ऐकून घ्यायचो. एकदा तिने माझ्या हाताला यश आहे म्हणणाऱ्यांची सगळी नावं घेऊन एकेकाचा उद्धार केला. एकादशीला जाणं थांबलं. म्हणाली, गळ्यातून स्वर निघत नाही.

चौथ्या महिन्यात एका बुधवारी दार आतून बंद. मी ओट्यावर बसून हाका मारल्या.

“जा. आज नको. शुक्रवारीं नको. कधींच नको.”

“अक्का, आतां सोडलें तर केलेलें वायां जाईल.”

“जाऊं दे.”

“काय आहे त्यांत? मुंगी चावल्याऐसें.”

दार उघडलं. विस्कटलेले केस, डोळे सुजलेले. “मुंगी चावल्याऐसें, हें तुम्हांस कैसें ठाऊक? तुम्हीं कधीं घेतली?”

मी खोटं बोलणार होतो. पण ह्या बाईसमोर खोटं बोलणं मला साधत नसे. म्हणालो, “नाहीं.”

“एकदांही?”

“लहानपणीं देवीची लस टोचली होती. तेव्हां मजला चौघांनीं धरलें.”

“वीस वर्षें गांवास टोचलें, आणि स्वतःस एकदां नाहीं!” तिने मला आत घेतलं. “बसा. मी टोचतें. मग मी घेतें.”

थर्मासमध्ये एक जादा सिरिंज होती आणि औषध कालवायच्या शुद्ध पाण्याची एक कुपी. मी तिला शिकवलं. किती भरायचं, हवा कशी काढायची, कातडी चिमटीत कशी धरायची. शिकवताना माझा आवाज अगदी मास्तरासारखा होता. मग मी शर्ट काढला. तिने सुई उजेडात धरून पाहिली, माझा दंड चिमटीत घेतला, आणि ब्लाउजला हूक लावावा तशी सहज घातली.

पुढचं मला तिनेच सांगितलं. मी “मुंगी नव्हे” असं स्वच्छ म्हणालो आणि शिवून ठेवलेल्या ब्लाउजांच्या ढिगावर आडवा झालो. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि हसत होती. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पडल्या पडल्या ओरडलो, “ती सुई! वेगळ्या डब्यांत टाका, माझें रक्त आहे!” त्यावर तिला आणखी हसू आलं. “उगे पडा,” म्हणाली. सुई मोडून डब्यात टाकली. मग मी उठून, हात धुऊन तिला तिची ऊसी दिली. त्या दिवशी ती दुखली असणार.

वर्ष पुरं झालं. त्यानंतर सहा महिने थांबून पुन्हा रक्त मद्रासला गेलं, कारण औषध थांबल्यावर हा विषाणू परत येतो, आणि बहुतेकांत येतोच. अहवाल मी तिच्या घरी घेऊन गेलो. विषाणू नाही. ती म्हणाली, “तुमची ती पट्टी पण लावा.” मी लावली. दोन रेघा. ती घाबरली. मी समजावलं, विषाणू गेला तरी त्याची ओळख रक्तात राहते, पट्टीवर ह्या दोन रेघा जन्मभर दिसणार. तिने पट्टी उजेडात धरली. “टांके उसवले तरी भोकें राहतात,” म्हणाली, आणि ती पट्टी कात्र्यांच्या डब्यात ठेवून दिली.

माझं काय झालं? मला पुष्कळ वर्षं थांबावं लागलं. पुढे नव्या गोळ्या निघाल्या. तीन महिने गोळ्या घेतल्या आणि बरा झालो. एकही ऊसी लागली नाही. इतक्या भित्र्या माणसाची एवढी काळजी शास्त्राने घ्यावी, ह्याचं मला अजून नवल वाटतं. जे गोळ्यांपर्यंत पोचले नाहीत त्यांची नावं मला पाठ आहेत. इथे लिहीत नाही.

तिचा अहवाल आला त्यानंतरच्या एकादशीला मी कमलेला घेऊन गोविंदपुरमला गेलो. विठ्ठल-रखुमाईसमोर भजन चाललेलं. तुळसाक्का पुढे बसली होती, केस आखूड, नुकते परत येत असलेले. तिचा आवाज वरच्या पट्टीत थोडा चिरकत होता, आणि ती तो चिरकू देत होती. मृदंगवाल्याने मान वर करून पाहिलं. भजन झाल्यावर प्रसाद घ्यायला आम्ही बाहेर उभे होतो. सेलमहून तिच्या मुलीच्या सासरची माणसं आली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, “हे कोण?”

तुळसाक्का म्हणाली, “हे राव. दुखणें ह्यांनींच दिलें, आणि औषधही ह्यांनींच दिलें.”

म्हाताऱ्या बाईला वाटलं ती थट्टा करते आहे. सगळी मंडळी हसली. तुळसाक्काही हसली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती द्रोणात केळी-गुळाचा प्रसाद वाढत होती. मग मीही हसलो. तिने द्रोण माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “खा. उशीर झाला.”